टेबलाची उंची

आमच्या बडोद्यात माणूस ‘हो’ फारसं म्हणत नाही, ‘चालेल’ म्हणतो. घरात मराठीतून चालेल, दाराबाहेर गुजरातीतून चालशे. चहात साखर कमी पडली, चालशे. रिक्षावाल्याने सोसायटीच्या फाटकाशीच उतरवलं, चालशे. मला लहानपणी पोलिओ झाला, पाय चालले नाहीत ते नाहीतच. पण हा शब्द सगळ्या कारेलीबागेत माझ्याइतका कुणी वापरला नसेल. कॉलेजचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर? चालेल. लग्नाच्या हॉलमध्ये मागच्या दाराने, भांडी घासणाऱ्या बायकांच्या मधून आत? तेही चालेल. आपल्यापायी लोकांना त्रास नको, हे बाळकडू आईने पाजलेलं.

त्या उन्हाळ्यात पाळी बंद होऊन कितीतरी वर्षं झाल्यावर मला पुन्हा रक्त दिसू लागलं. आत एक लहानशी गाठ होती, ती साधी निघाली आणि काढलीही, हे आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्याच्या जिवाला उगाच घोर नको. पण तेव्हा ते मला ठाऊक नव्हतं. तपासून घ्यायला हवं, हे मात्र पक्कं ठाऊक होतं. आड येत होतं ते टेबल.

घराजवळ एका ट्रस्टचा दवाखाना आहे. तिथे बायकांच्या तपासणीचं टेबल माझ्या चाकाच्या खुर्चीत बसल्यावर छातीला लागतं. म्हणजे दोन वॉर्डबॉय येणार, एक काखेत हात घालणार, दुसरा गुडघ्यांखाली, आणि सिमेंटचं पोतं ट्रकवर चढवावं तसं मला वर चढवणार. मुलं वाईट नव्हती. पण साडी कुठे चालली आहे याची काळजी त्या खोलीत मला एकटीलाच असायची. तरुणपणी हे सगळं सोसलं. साठीच्या उंबरठ्यावर अंगाला परका हात नको वाटायला लागला. कुणाला शहाणपणा वाटो नाहीतर माजोरीपणा.

अशात दवाखाना सरकारी योजनेत गेला. सुधारणांचा नुसता धडाका सुरू झाला. नवीन कार्ड, टोकन, भिंतीवर नंबर दाखवणारा पडदा, प्रत्येक रुग्णाला ठरावीक मिनिटं. सगळ्या खोल्यांची जागा बदलणार म्हणून आसपासच्या रुग्णांना मत विचारायला सभेला बोलावलं. आमचे हे म्हणाले, “चल, लीलो चेवडो आहे म्हणे.” हे मकरपुऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून सभा कसली आहे ते विचारत नाहीत, नाश्ता काय आहे ते विचारतात.

सभा छान झाली. ट्रस्टी सत्तरीचे, पांढऱ्या झब्ब्यातले सज्जन गृहस्थ. त्यांनी चित्रं दाखवली, दारातला नवा उतार दाखवला, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे वळून कौतुकाने पाहिलं, जणू तो मीच बांधला होता. बायकांच्या तपासणीच्या खोलीच्या चित्रात नवे पडदे होते, नवा पंखा होता आणि तेच टेबल होतं. शेवटी त्यांनी हात जोडून विचारलं, “तो, बधाने चालशे ने?”

सगळा हॉल म्हणाला, “चालशे, चालशे.” माझ्याही ओठांवर ‘चा’ आला होता. तो तिथेच गिळला आणि हात वर केला. “मने नहीं चाले.”

ट्रस्टींनी माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा विरघळला. “अरे बेन,” ते मायेने म्हणाले, “आपणे क्यां चालवानुं छे? लिफ्ट छे, व्हीलचेर छे, ने अमारा छोकराओ ऊंचकी लेशे.”

मी म्हणाले होते, हे मला पटत नाही. त्यांनी ऐकलं, हिला चालता येत नाही, म्हणून उचलायला आपली मुलं देऊ केली. लोक हळवं हसले. मला मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली. तळपाय कामाचे नसले तरी या बाबतीत ते चोख आहेत. मी गुजरातीतूनच म्हटलं, “भाई, मी चालण्याचं बोलत नाही, उचलण्याचं बोलते. आता इथे दोन माणसांनी येऊन तुम्हाला काखेत धरलं, सगळ्यांसमोर उचलून तुमच्या पुढ्यातल्या या टेबलावर आडवं केलं, तर तुम्हाला चालेल?”

ह्यांनी चेवड्याच्या बशीत मान घातली. ट्रस्टींनी चष्मा काढला, समोरच्या टेबलाकडे नीट पाहिलं. चेष्टेवारी नेलं नाही, खरोखर विचार केला. मग म्हणाले, “मने पण नहीं चाले.”

हॉल पुन्हा हसला. या खेपेस मीही हसले. “केटलुं ऊंचुं जोईए?” त्यांनी विचारलं. मी खुर्चीच्या बैठकीवर थाप मारली. एवढं. पुढच्या रांगेतल्या डॉक्टरबाई उठल्या आणि म्हणाल्या की वरखाली होणारं टेबल मिळतं, गरोदर बायकांना, गुडघे बदललेल्या आज्यांना, सगळ्यांनाच ते हवं आहे. मी लगेच मिनिटांचाही विषय काढला. मला सरकायलाच वेळ लागतो, तेवढ्यात पडद्यावर पुढचा नंबर लागणार. मग ठरलं, ज्याला वेळ लागतो त्याला दोन टोकनं द्यायची.

घरी येताना हे म्हणाले, “रागावलीस की बरी दिसतेस तू.”

“आणि एरवी?”

“एरवी चालेल.”

पावसाळा सरता सरता टेबल आलं. पहिल्याच आठवड्यात मी गेले. ह्यांना बाहेर बसवलं. डॉक्टरबाईंनी पडदा ओढला, पायाने कळ दाबली. टेबल गुरगुरत खाली आलं आणि माझ्या खुर्चीला येऊन भिडलं. मी ब्रेक लावला, हाताची टेकण काढली आणि सरकले. बस, सरकले. साडी माझी मी सारखी केली. आडवी झाल्यावर इतकं सुख वाटलं की आपण कशासाठी आलो आहोत याचाही क्षणभर विसर पडला.

“कधीपासून होतंय?” बाईंनी विचारलं.

“उन्हाळ्यापासून.”

त्यांचा हात थांबला. “शिकल्यासवरलेल्या तुम्ही. इतके महिने आला का नाहीत?”

“आले होते की. दोनदा आले. पण ती उचलणारी मुलं टेबलाशी उभी दिसली, आणि तुम्हाला म्हटलं, फक्त बीपी बघा.”

बाईंनी आठवून पाहिलं. मग हातमोजे चढवता चढवता हळूच म्हणाल्या, “हो. बीपी चांगलं होतं तुमचं.”