पटाचा फेटा

आमचा बुढा, म्हंजे माहा नवरा सदाशिवराव, फुलसावंगीकडं शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, छकडा हाकणारा नावाजलेला धुरकरी. घरात पाण्याचा गिलास उचलाले आळस, पण बैल जुंपून छकड्यावर बसला का वेगळाच माणूस!

मागच्या पटात बैल बिचकले, छकडा पलटला अन् चाक याच्या कमरेवरून गेलं. लोक म्हणे, उचला, मोटरसायकलवर बसवा. मी वरडली, "खबरदार कोनी हात लावसान तं!" अँब्युलन्ससंग आलेली वैष्णवी सिस्टर म्हणे, "कमरेचं हाड फाकलं, आतून रक्त जाऊन राह्यलं. गच्च बांधाले लंबा कपडा द्या." मी बुढ्याच्या डोक्यावरचा फेटाच ओढला. तशातही हा बोंबलला, "नंदे, माहा जितल्याचा फेटा हाय तो!"

"तुमी राह्यले तं फेटा," म्हणलं. सिस्टरनं कुल्ह्यापाशी जागा दाखवली अन् मी पाय रोवून आवळला, गच्च गाठ मारली.

यवतमाळले मंदार डॉक्टर म्हणे, "मोठ्या शहरातल्या मशिनी आमच्याकडे नाहीत. एक जुनी एक्स-रेची मशीन आहे. तिच्यात बघत बघत बारीक छिद्रातून स्क्रू बसवतो. होईल." बोलण्यात डगमग नव्हती. बुढ्यानं एकच इचारलं, "छकड्यावर बसता येईन न?"

"आधी उभे राहा, मग बसा," डॉक्टर म्हणे.

ऑपरेशन झाल्यावर मी चादर उचलून पाह्यली. इतकुश्या दोन पट्ट्या! माहं डोकंच सणकलं. "डॉक्टरसाहेब, एवढं मोठं हाड तुटलं अन् प्लास्टर काहून नाही लावलं? आमी काय येडे हाओत?" डॉक्टर हसला, फोटो उजेडापुढं धरला. हाडात दोन लंबे स्क्रू, एकदम सीधे. "मोठी चीर दिली असती तर आणखी रक्त गेलं असतं, ताई." मंग मी चादर नीट पांघरली.

पुढं वॉकर आला, त्याच्यासंग बुढ्याच्या शिव्याही आल्या. ओट्यावर बसून हवेतच कासरा ओढे. मले हसूही ये अन् रडूही. शेवटी डॉक्टर म्हणे, आता बसा.

औंदा पटात उतरला. नंबर काही लागला नाही, पण छकड्यावरून आपल्या पायानं उतरला. मले तेवढंच पाह्यजे होतं.

एवढं लागूनही पुन्हा उतरला म्हणून पट भरवणाऱ्या मंडळानं मानाचा फेटा देल्ला. लोक बांधाले पुढं आले, तं यानं हात आडवा केला. सरळ माह्यापाशी आला, चारचौघात फेटा माह्या हातात ठेवला अन् मान वाकवली.

"नंदे, तूच बांध. तुही गाठ सुटत नाही."