भट्टीला लावलेला गज

हणमंतच्या हातात शिंप्याचा लाकडी गज असे, पण त्यानं आयुष्यात त्यावर कापड मापलं नव्हतं. वडिलांचं दुकान बंद पडलं, शिलाई मशिनं गेली, गज तेवढा राहिला. हेब्बाळच्या एका कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये तो गजाचं एक टोक भट्टीच्या बोल्टला टेकवायचा आणि दुसरं कानाला. एकोणीस वर्षं. टोक जळून जळून गज दोन इंच कमी झाला होता.

भट्टी म्हणजे माणसाच्या उंचीचा उभा नळा. आत लोहखनिजाची भुकटी. खालून गरम हायड्रोजन सोडला की ती दुधासारखी उकळायची आणि हळूहळू तिचं लोखंड व्हायचं. उकळी असेपर्यंत विजेवर तापलेल्या भिंतीची आच कणाकणाबरोबर मधोमध पोचे. भुकटी चिकटून बसली की संपलं; भिंत तापलेली अन् पोट गार.

आजच्या चाचणीत सहा तास उकळी टिकली तर हाच नमुना धरून मोठी भट्टी बांधणार होते आणि शेड चालणार होती. नाहीतर महिनाअखेर कुलूप. छप्पन वर्षांच्या हणमंतला मग कोण घेणार? मधले तापमापक कधीच बिघडले होते, नवे कुणी मागवले नव्हते. पडद्यावर भिंतीचा आकडा तेवढा दिसे.

पाच तास वीस मिनिटं झाली.

"मामा, बघा की, आठशेवर कशी बसलीय!" शेडची तरुण इंजिनिअर यशस्विनी खुशीत होती. "वीजसुद्धा कमी ओढतेय. शहाणी झाली तुमची भट्टी!"

हणमंतचा चेहरा उतरला. "कमी ओढतेय? म्हणजे भिंतीकडची आच न्यायला कुणी येईनासं झालंय गं."

त्यानं गज लावला. कान बदलला. मग गज तिच्या हातात दिला. "ऐक."

"काय ऐकायचं?"

"खळखळ."

"अय्यो, काहीच ऐकू येत नाही."

"तेच म्हणतोय."

तिनं घाईनं गॅस वाढवला. आत बारीक शिट्टी वाजली. गॅसनं स्वतःपुरतं एक भोक पाडून घेतलं होतं. बाकी सगळं मुकं.

"सुम्निरि मामा," ती कुजबुजली, "चाळीसच मिनिटं. गप्प बसा. पडदा बरोबर दाखवतोय ना?"

"आणि ह्या आकड्यावर दहा मजली भट्टी बांधली तर? तीही अशीच बसेल."

"बांधणारे बघतील! तुमची नोकरी जाईल, कळतंय?"

"कळतंय गं." तो भट्टी बंद करायच्या बटणापाशी गेला. "तू दाबतेस, का मी दाबू?"

ती हलली नाही. त्यानं दाबलं.

भट्टी निवायला दोन दिवस लागले. झाकण काढलं तर आत नळ्याच्या मापाचा एकच काळा गोळा, मधून बोटाएवढं भोक. मॅनेजर रघुनाथरावांनी वाकून पाहिलं. "हणमंत, हे फोडून नळा रिकामा करा. सोमवारी भंगारवाला येतोय."

छिन्नी निसटत होती. दुपारी यशस्विनी आली. तिला मुख्य कचेरीतून बोलावणं आलं होतं.

"गप्प बसला असतात तर, मामा..."

"तर हाच गोळा दिवाळीनंतर फोडला असता." त्यानं पुन्हा घाव घातला. टवका उडाला, नखाएवढा.

कोपऱ्यातला गज तिनं उचलला. "हा घरी नेणार ना?"

"काय करू नेऊन? दोन इंच कमी आहे. आता कापडालाही खोटा."