पाटावरचं सर्किट

भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मी सरळ हसतो. आजही. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी खुशाल वाद घालावा... पण घडलं ते असं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कल्याणला स्टेशनजवळ माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान होतं. व्होल्टेज वाढलं की स्वतःचा फ्यूज उडवून हार्ड डिस्क वाचवणारं एक छोटं सर्किट मी बनवायचो. माजिवड्याच्या मंदाताईंच्या मशीनलाही तेच होतं. त्यांची आई आगरी लग्नांत धवले गाणारी धवलारीण. ती वारली, आणि मंदाताईंनी टाइप केलेली तिची गाणी फक्त त्या डिस्कवर! बॅकअपच्या फ्लॉप्यांना बुरशी लागलेली.

सर्किटचा फ्यूज उडाला म्हणून मी ते दुकानात आणलं, आणि मशीन चालू करू नका म्हणून ताईंना बजावलं. खंडेनवमीला सकाळी नवा फ्यूज बसवला, मीटरने तपासला — ठणठणीत. लगेच जाऊन जोडायला हवं होतं. पण पूजा मांडली की त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही, हे आमच्याकडे वडिलांपासून चालत आलेलं. स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंग गन आणि सर्किट दुकानातच पाटावर मांडून बायकोने हळदकुंकू वाहिलं.

दुपारी मंदाताईंचा फोन. रडत होत्या.

"दादा, आयच्या गान्याची एक ओल आठवली... इसरन म्हनून चालू केला. धूर आला रे! सगली गानी त्यान हायेत!"

मी पाटावरून सर्किट उचललं. "अहो, उद्यापर्यंत हात नका लावू," बायको म्हणाली. तेवढ्यात मला फ्यूज दिसला. तार वितळलेली, काच काळी. कुठेही न जोडलेल्या सर्किटची!

तसाच माजिवडा गाठला. पॉवर सप्लाय गेलेला, मदरबोर्ड जळालेला. डिस्क घेऊन मंदाताईंसोबत दुकानात परतलो, ती माझ्या मशीनला लावली... आणि फिरली. पहिलं गाणं स्क्रीनवर आलं तशा मंदाताई मोठ्याने गायलाच लागल्या. बाहेर लोक थांबले.

"आयनं राखलं," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"फ्यूज माझा उडालाय, ताई. श्रेय माझ्या सर्किटला द्या!"

फ्यूज आधीच गेलेला असेल, असं मित्र म्हणतात. नव्हता. मी स्वतः तपासला होता, आणि त्यावर मी कुणाशीही भांडेन. 'आई' हे उत्तर मात्र मी अजूनही स्वीकारत नाही.

पण एक कबूल करतो. पूजेपायी सर्किट दुकानात ठेवलं ही चूक माझी, आणि गाणी वाचली ती माझ्यामुळे नाही. कुणामुळे, ते मला आजही सांगता येत नाही.