भिंतीवर लिहायची मजा

"ओढणीनं पूस."

मालगुजाराचा थोरला पोरगा खुर्ची टाकून बसला होता. सकाळची वेळ. हिंगणघाटच्या जिनिंगवर निघालेली माणसं सायकली थांबवून पाहत होती. मी अकरावीत. त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीवर पहाटेच मी लिहिलं होतं: नाली आमच्याच दारात काऊन?

गावाची सगळी घाण आमच्या बौद्ध मोहल्ल्यात सोडलेली. ग्रामपंचायतीत विचारून झालं होतं. कोणी तोंड उघडलं नाही, म्हणून भिंतीवर विचारलं. चुन्यात कपड्याची नीळ कालवली, बाभळीची काडी चावून कुंचला केला. बस्स.

मी पुसलं. लपवत नाही. ओढणी निळी झाली, अक्षरं नुसती पसरली. मग त्यानं माझ्या बापाला बोलावलं. बाप त्यांच्याच वावरात कामाला. आला, माझ्याशेजारी उकिडवा बसून भिंत घासायला लागला. त्याची वाकलेली मान पाहिली आणि माझी लाजच संपली. घिन आली. खुर्चीतल्या त्या माणसाची.

भिंत खराब केली म्हणून मला दुपारपर्यंत ठाण्यात बसवलं. मालगुजाराच्या याच पोरानं शाळेच्या, पाण्याच्या टाकीच्या, आमच्या विहाराच्याही भिंतीवर आपल्या क्रिकेट टीमचं नाव डांबरानं लिहून ठेवलं होतं. त्याला ठाणेदार चहा पाजायचा.

आता मी बोरगाव मेघेत राहते, शाळेत चित्रकला शिकवते. मागच्या हिवाळ्यात वर्ध्यात भिंती रंगवायचा कार्यक्रम झाला. पाहुणा म्हणून मालगुजाराचा तोच पोरगा. पोट सुटलेलं, अंगात जॅकेट. माईकवर जुन्या दिवसांच्या आठवणीनं अगदी विरघळला. आमच्या काळी भिंतीवर लिहायला जिगर लागायची म्हणे, आताच्या पोरांना परवानगीचा कागद लागतो म्हणे.

"धोका होता, म्हणून मजा होती."

टाळ्या पडल्या. धोका! बापाच्या नावाच्या सावलीत उभं राहून डांबर फासणाऱ्याला कसला डोंबलाचा धोका?

मग आम्हा शिक्षकांच्या हातात ब्रश दिले. फुलपाखरं काढायची होती. त्यानं मला ओळखलंच नाही. हसत विचारलं, "मॅडम, तुम्ही कधी रंगवली का अशी चोरून भिंत?"

मी माईक घेतला. गावाचं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, ती सकाळ सांगितली. मग त्याच्याकडे वळले.

"तुमाले कोणी पुसाले लावलं होतं का?"

तो जवळ सरकला. आवाज खाली आणला. "जुनी गोष्ट हाय. काऊन उकरून राह्यली?"

"नाली अजून तिथंच हाय," मी म्हटलं. ब्रश खाली ठेवला आणि निघाले. फुलपाखरं त्याची त्यानं काढावीत.

रविवारी गावी गेले. भर दुपारी, लोकांसमोर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलं. नाली मोहल्ल्याकडे कोणी वळवली, त्याचं, म्हणजे मालगुजाराचं, नाव. खाली माझं, आडनावासकट.

गुन्हा दाखल झाला. शाळेतून नोटीस आली. मुख्याध्यापक म्हणतात, दोन ओळींचा माफीनामा द्या, आम्ही मिटवून घेतो. वकीलही तेच म्हणतो. तो खुर्चीवाला तर निरोप धाडतो की आपल्या मनात काही नाही. त्याच्या मनात काय आहे, हे मी कधी विचारलं होतं?

कोर्टाच्या तारखेला मी जाते. पुकारा झाला की उभी राहते. लिहिलं का, विचारतात. लिहिलं, म्हणते.

माफीनामा देणार नाही. नोकरी गेली तरी नाही.