साहेबांचा टायपिस्ट रजेवर होता

बुलढाण्यात एका दुकानाच्या माडीवर बसून आम्ही बाराजण परदेशी माणसांच्या किडन्या, गुडघे आणि पित्ताशयं सांभाळत होतो. तिकडचे डॉक्टर रोगी तपासून झाला की यंत्रात बोलायचे, ते बोलणं आमच्या कानात यायचं आणि आम्ही ते टाइप करायचो. पायाखाली शिवणयंत्रासारखं पेडल. दाबलं की डॉक्टर बोलायचा, सोडलं की गप्प. एवढा मोठा सर्जन आणि त्याचा आवाज माझ्या चपलेखाली! घरी मोठ्या ऐटीत सांगितलं, तर बायको म्हणाली, "असं एक घरीही बसवून घ्या. मी दाबत जाईन."

मग तेच काम दुसऱ्या एका देशात स्वस्तात होऊ लागलं. मालकानं एका सकाळी संगणक गाडीत भरले आणि माडीला कुलूप लागलं.

त्याच सुमारास सरकारची एक योजना आली होती. परदेशी व्यापारामुळे ज्यांचा रोजगार गेला, त्यांना वर्षभर भत्ता आणि नवं काम शिकायची सोय. बाहेरच्या स्वस्त सुतापायी बंद पडलेल्या एका सूतगिरणीतल्या कामगारांना ती मिळूही लागली होती. आम्हीही अर्ज केला. सगळ्यांच्या वतीनं बोलायला मला पाठवलं, कारण मला गप्प बसता येत नाही. सोबत आमच्यातली सर्वांत तेज टाइप करणारी बाई, कारण तिला गप्प बसता येतं.

नवऱ्याचं घर सोडून ती मुलीला घेऊन बुलढाण्यात आली होती आणि स्वतःच्या कमाईवर खोली करून राहिली होती. भत्ता मिळाला तर खोली टिकणार होती, मुलीची शाळा टिकणार होती. नाहीतर वरवट बकाल या गावी, भावाच्या घरी. भाऊ वाईट नव्हता. पण "ये" म्हणताना त्यानं आधी वहिनीकडे पाहिलं होतं.

योजनेच्या कार्यालयात आमच्या पुढे गिरणीचा एक कामगार होता. त्यानं पिशवीतून सुताचा कोन, शंकूसारखं मोठं रीळ, काढून टेबलावर उभा केला. तिथल्या साहेबांनी त्याच्या अर्जावर मंजुरीचा शिक्का मारला. मग आमची पाळी.

"तुम्ही काय बनवता?"

"अहवाल, साहेब."

"म्हणजे वस्तू कोणती?"

मी तयारीनं गेलो होतो. रोग्यांचे खरे कागद बाहेर न्यायला बंदी, म्हणून नमुन्यादाखल मीच एक अहवाल रचला होता. रोगी सरकारी अधिकारी, वय बावन्न, फायलींखाली दबल्यामुळे पाठीचा कणा सापडत नाही. लाल फितीत बांधून तो मी नैवेद्यासारखा पुढे केला. साहेबांनी न उघडताच हातावर तोलला.

"हे ट्रकमध्ये भरून पाठवता येते काय?"

"तुम्ही ट्रक सांगा साहेब, मी भरून देतो."

साहेब खळखळून हसले. भला माणूस होता. "भाऊ, मले तुमचं वाईट करायचं नाही. पण नियमात वस्तू पाह्यजे. तुमची पडली सेवा." मग तिच्याकडे वळले. "ताई, माहा टायपिस्ट रजेवर आहे. मी सांगतो, एवढा शेरा घेता काय?"

ती बसली. माडीवर आमचा नियम एकच होता: कानावर पडेल ते जसंच्या तसं उमटलं पाहिजे, डॉक्टर चुकला तरी आपण सुधारायचं नाही. साहेब खिडकीकडे तोंड करून सांगू लागले. अर्जदार कोणतीही वस्तू तयार करीत नाहीत, केवळ सेवा देतात. सबब, बाराही अर्जदार मदतीस अपात्र. तिची बोटं एकदाही अडखळली नाहीत.

मी वाकून कुजबुजलो, "ताई, 'वस्तू तयार करतात' असं टाका. ते पाहून नाही राह्यले."

"त्यायनं तसं म्हटलं नाही, भाऊ."

कागद निघाला. साहेबांनी एक ओळही न वाचता सही केली. वर कौतुक, "काय सफाई आहे! असा टायपिस्ट मले आजवर भेटला नाही."

"मंग ठेवून घ्या ना यायले," मी म्हणालो.

"जागा मंजूर नाही."

जिन्यात मी तिला गाठलं. "त्यायनं वाचलं नाही, पाह्यलं ना तुम्ही? मंग काऊन नाही बदललं?"

ती चपलेचा पट्टा लावत बसली. फार वेळ लावत बसली. "मले वाटलं वाचतीन. आपल्या इथं प्रत्येक कागद कोणीतरी तपासत होतं ना."

बाकीचे दहाजण चहाच्या टपरीवर थांबले होते. त्यांना मी सगळा प्रसंग करून दाखवला, साहेबांचा तराजू झालेला हात, ट्रक, मंजूर नसलेली जागा. हसून हसून एकाला ठसका लागला. शेरा कोणी टाइप केला ते मी सांगितलं नाही. तीही त्यांच्यातच उभी होती, कप धरून, हसत.

पुढच्या आठवड्यात ती मुलीचा दाखला काढायला शाळेत गेली. मी सोबत होतो. शाळा सोडण्याच्या कारणापुढे तिनं 'मामाकडे' एवढंच लिहिलं आणि कागद शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंसमोर सरकवला. बाईंनी तो नीट, ओळ न् ओळ वाचला.