दोन केसेस आणि एक कडा

शहात्तर साली दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा एक मित्र मोटारसायकलवरून आठ दिवसांच्या प्रवासाला निघालो. वाटेत कडे चढायचे आणि तंबू ठोकून राहायचं, असा बेत होता. आमच्या भागात तोवर मौजेखातर कोणी दगडावर चढल्याचं ऐकिवात नव्हतं. माणसं चढायची, पण सीताफळांसाठी, हरवलेल्या शेळीसाठी, नाहीतर मोहोळासाठी.

मी वऱ्हाडातल्या कारंजा गावाजवळच्या एका शाळेत मास्तर होतो, चोवीस वर्षांचा, बिनलग्नाचा. आदल्या उन्हाळ्यात शिक्षकांसाठी दहा दिवसांचं गिर्यारोहण शिबिर होतं. दुसरं कोणी जायला तयार होईना, म्हणून मला पाठवलं. तिथून मी एक प्रमाणपत्र, शंभर फुटांचा दोर आणि बराचसा तोरा घेऊन परतलो. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून पोरांना शिकवण्याखेरीज दुसरा ध्यास धरला नव्हता. त्यांनी ते प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "आमी तुले शिकवलं वर जासाठी. पण हे असं वर नाई."

मित्र कारंज्याला बसस्टँडमागे मोटारसायकली दुरुस्त करायचा. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा, तीन मुलींचा बाप. उंचीची त्याला इतकी भीती, की मशिदीच्या गच्चीवर चंद्र बघायलाही तो चढत नसे. तरी प्रवासाचं विचारलं तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "कवा निघाचं?" इतक्या लवकर तो तयार होईल असं मला वाटलं नव्हतं. मी मनातून खूश झालो, आणि थोडा शरमलोही.

शरमायचं कारण सांगायला हवं. त्या वर्षी नसबंदीचा जोर होता. प्रत्येक मास्तराने दोन केसेस आणायच्या, म्हणजे दोन माणसं राजी करून शस्त्रक्रियेला न्यायची, असं आमच्या मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये सांगितलं होतं. मुलांना पाढे शिकवण्यापेक्षा मुलं होऊ न देणं हे आमचं मुख्य काम झालं होतं. माझ्या खिशातल्या वहीत एकच नाव होतं, आणि ते ह्या मित्राचं होतं. पेन्सिलीने लिहिलं होतं, खोडता यावं म्हणून. आठ दिवस सोबत राहू, मोकळ्या हवेत विषय काढू, असा माझा हिशेब. म्हणजे गिर्यारोहण हे निम्मं निमित्तच होतं.

पहिला मुक्काम मानोरा गावापुढे एका तांड्याजवळ पडला. तंबू म्हणजे ट्रकवरची जुनी ताडपत्री. आम्ही ती मोठ्या थाटात ठोकत होतो आणि शेजारी तांड्यातली माणसं ऊसतोडीला जायला ट्रक भरत होती. एक बाई डोक्यावरचं पातेलं खाली ठेवून आमच्यासमोर उभी राहिली.

"घर नाई का तुमाले?"

"आहे," मी म्हणालो.

"मंग अठी काहून झोपता?"

"हवा खायले," मित्राने सांगितलं.

बाईने ताडपत्रीकडे नीट पाहिलं. "आमी सहा महिने याच्यातच राह्यतो. हवा पायजे असन त चाला आमच्यासंग उसावर. तठी लय हवा आहे." तिने पातेलं उचललं आणि गेली. मित्र हसला नाही. त्या संध्याकाळी नसबंदीचा विषय काढणं काही जमलं नाही.

पुढे वाशीम, रिसोड करत आम्ही लोणारपर्यंत गेलो. दोनदा पंक्चर झालं, एकदा चेन तुटली. वाटेत लहानसहान खडक मी चढलो. खाली दोर धरायचं काम मित्राकडे. ते तो डोळे गच्च मिटून करायचा आणि वर पोचलो की विचारायचा, "मेला का?" रोज संध्याकाळी चूल पेटली की मी घसा खाकरायचो. "एक बोलाचं होतं," असं म्हणायचो आणि तोंडातून निघायचं, "क्लचप्लेट घासली वाटते." तो म्हणायचा, "पाहून घेतो सकाळी." असे सहा दिवस गेले. क्लचप्लेट त्याने चार वेळा तपासली.

परतताना मालेगाव मागे टाकून किन्हीराजाच्या बाजूला आलो. तिथल्या टेकड्यांत एका लहानशा गावामागे मला हवा तसा कडा दिसला. काळा, सरळ, सत्तरेक फुटांचा. ह्याच्यावर आजवर कोणी चढलं नसेल, असं मी मित्राला म्हणालो.

आमची मोटारसायकल धडधडत गावात शिरली, तर गावात पुरुष दिसेना. ओट्यावर अर्धा विणलेला दोर पडलेला, एका दारात चिलीम अजून धुमसत होती. बाया मात्र होत्या, आणि त्या आमच्याकडे जरा जास्तच थंडपणे पाहत होत्या.

"माणसं कुठी गेली?" मित्राने विचारलं.

"वावरात," एक म्हणाली.

"मेली," दुसरी म्हणाली.

आम्ही कड्याखाली गेलो. मी दोर खांद्याला अडकवला, बूट घट्ट बांधले आणि शिबिरात शिकवलं होतं तसा, तीन टेकू पक्के ठेवून चौथा हलवत, वर निघालो. निम्म्यापर्यंत छान गेलो. मग एका वीतभर रुंद कंगोऱ्यावर उभा राहिलो, आणि वर धरायला काही दिसेना, खाली पाय सापडेना. मान वर केली, तर कड्याच्या काठावरून चाळीसेक डोकी मला पाहत होती. टोप्या, फेटे, उघडी टकलं.

गावातले सगळे पुरुष वर होते. गाडीचा आवाज ऐकून ते मागच्या घळीतून, अनवाणी, धोतरं खोचून चढून गेले होते. त्यात एक जण सत्तरीचा होता.

"कोन्या हापिसातून आले?" त्या म्हाताऱ्याने वरून विचारलं.

"हापिसातून नाई. आम्ही फिरायले आलो."

"अठी फिरायले?" वर कुजबुज झाली. "काम काय करतं तू?"

खोटं बोलायला ताकद लागते, आणि माझी सगळी बोटांत गेली होती. "मास्तर आहे," मी म्हणालो.

वरून एक जण म्हणाला, "मास्तरच त नावं लिहून नेतात. राहू दे त्याले तठीच."

मी विनवण्या केल्या. माझं लग्न झालं नाही, हे सांगितलं. त्याचा इथे काय संबंध, असं वरच्यांना वाटलं आणि ते बरोबरच होतं. तेवढ्यात खालून मित्राचा आवाज आला. त्याने डोळे उघडले होते आणि मान वर करून उभा होता.

"आयका भौ," तो म्हणाला. "मले तीन पोरी आहेत. मीबी तुमच्यासारखाच पळून आलो. आमच्या गल्लीत नसबंदीची गाडी येऊन राह्यली होती, म्हून ह्याच्यासंग निघालो. नाईतर मले दगडाचं काय सोयरसुतक?"

"आन् हा मास्तर?"

"त्याच्या वहीत माझंच नाव आहे. मले मालूम आहे. पण सात दिवस झाले, त्याच्या तोंडातून एक शब्द निघाला नाई. रोज क्लचप्लेटच काढते. असा मानूस तुमचं काय वाकडं करन?"

मी खडकाला कपाळ टेकवलं. पडण्याची भीती तेवढ्यापुरती गेली, कारण वर किंवा खाली कुठेही तोंड दाखवायची माझी इच्छा उरली नव्हती.

वर बराच वेळ खल झाला. अखेर म्हातारा म्हणाला, "फेटे सोडतो, दोराचं टोक बांध." दोन फेटे जोडून खाली आले आणि मी कसंबसं टोक बांधलं. ते वर ओढून कोणीतरी पळसाच्या बुंध्याला गुंडाळलं. पण ओढेनात.

"आमच्या गावातलं एकबी नाव लिहनार नाई, असं म्हन."

"लिहिणार नाही."

"दुसऱ्या कोनाचंबी नाई."

सत्तर फुटांच्या कड्याच्या निम्म्यावर माणूस जे बोलतो ते मनापासूनच बोलतो. मी हो म्हणालो. दोर कमरेला बांधला आणि त्यांनी मला ज्वारीच्या पोत्यासारखं वर ओढलं.

मित्राला एक जण घळीतून हात धरून घेऊन आला. वर तर सगळा संसारच होता. तीन दगडांची चूल, मडकं, घोंगड्या, फडक्यात भाकरी. हे त्यांचं महिन्याभरातलं चौथं की पाचवं पलायन. माझा दोर त्यांनी हाताळून पाहिला आणि विहिरीसाठी बरा आहे, असं ठरवलं. आम्हाला भाकरी, ठेचा आणि पिकलेली सीताफळं दिली. दुपार कलल्यावर खालून एका बाईने लुगड्याचा पदर हलवला, तसे सगळे उतरले. मी सगळ्यात शेवटी, बसत बसत.

कारंज्याच्या वाटेवर मी मित्राला विचारलं, "तुले कसं माहीत झालं?"

"निघायच्या आदल्या दिवशी तू माझी गाडी पुसून राह्यला होता," तो पुढे पाहत म्हणाला. "मास्तर, फुकट गाडी कोनी पुसत नाई."

शाळा उघडली तेव्हा मी मुख्याध्यापकांना एकही केस नाही म्हणून सांगितलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्यावरही कोणीतरी होतं. त्यांनी यादीत माझ्या नावापुढे शून्य मांडलं आणि महिन्याभरात माझी बदली झाली, एसटी दिवसातून एकदा येणाऱ्या गावी. उन्हाळ्याआधी निवडणूक झाली, सरकार पडलं आणि केसेसबद्दल कोणी चकार शब्द काढेना. ज्यांनी खोट्या केसेस दाखवल्या त्यांना शाबासकीची पत्रं आली होती, ती त्यांनी गुपचूप कपाटात सारली. माझी बदली मात्र तशीच राहिली, कारण ती रद्द करायला लेखी कारण लागत होतं आणि झाली कशासाठी हे कुठे लिहिलेलंच नव्हतं.

त्या गावी मी सहा वर्षं काढली. ट्रंक आणि वळकटी घेऊन मला सोडायला मित्रच आला होता. निघताना त्याची बायको डबा देत म्हणाली, "भाईजान, आता तरी लग्न करा." मित्र किक मारत होता. "क्लचप्लेट घासली वाटते," मी म्हणालो.