मॉर्फिन न ठेवणारे दुकान

आमच्या केमिस्ट मंडळींनी जळगावात माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि एक गुळगुळीत कागदाची स्मरणिका. स्मरणिकेत माझ्यावर दोन पानी लेख आहे. लिहिणारा गृहस्थ माझ्या दुकानात चहा पिण्यापलीकडे कधी थांबलेला नाही, पण त्याने छातीठोकपणे लिहिले आहे की या माणसाने आयुष्यात अमली औषधाला हात लावला नाही, मॉर्फिनची एक गोळीही दुकानात येऊ दिली नाही. हे वाचून दाखवले तेव्हा टाळ्या पडल्या. मी हात जोडून उभा होतो. लेखातले ते वाक्य अक्षरशः खरे आहे आणि त्याचीच मला लाज वाटते. ते वाक्य खरे कसे झाले, ते आता मीच सांगतो.

आमच्या धंद्यातला कायदा बाहेरच्या माणसाला फार गहन वाटतो. आम्ही तो तसा वाटू देतो, कारण त्याने आमचा भाव वाढतो. प्रत्यक्षात शाळकरी मुलालाही समजेल इतका तो सोपा आहे. काही औषधे कोणीही घ्यावीत. ‘शेड्यूल एच’मधली डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. ‘एच वन’मधल्या औषधांच्या खोक्यावर लाल चौकट असते; त्यांची चिठ्ठी पाहायची आणि रोग्याचे व डॉक्टरचे नाव वेगळ्या रजिस्टरात उतरवायचे. ‘शेड्यूल एक्स’चा माल कुलपात ठेवायचा आणि चिठ्ठीची एक प्रत आपल्याकडे जपायची. या सगळ्यांच्या वर अमली पदार्थांचा कायदा. मॉर्फिन त्यात येते आणि ते ठेवायला निराळी परवानगी लागते. झाले. एवढ्यावर आम्ही पांढरे कोट घालून मिरवतो.

आता हा कायदा आम्ही पाळायचो कसा? खोकल्याच्या ज्या औषधात अफूचा अंश असतो त्याच्या बाटल्या बसस्टँडमागची टोळकी घेऊन जायची, आणि आम्हाला त्यांच्यातला कोणी कधी खोकताना दिसला नाही. झोपेच्या गोळ्या ओळखीवर जायच्या. वकीलसाहेबांना, सराफाच्या मातोश्रींना, इन्स्पेक्टरच्या सासूला चिठ्ठी मागणार कोण? मग रविवारी दुपारी जेवण झाले की रजिस्टर भरायला बसायचे. डॉक्टरचे नाव एका मित्राचे, त्याची परवानगी कायमची. रोग्यांची नावे आणायची कुठून? त्यासाठी मी लग्नपत्रिका ठेवत असे. आमच्याकडच्या पत्रिकेत काका, मामा, आतेभाऊ, व्याही सगळे ओळीने छापलेले असतात, त्यामुळे एक पत्रिका महिनाभर पुरते. रावेर तालुक्यातली एक अख्खी भावकी माझ्या रजिस्टरात वर्षभर झोपेच्या गोळ्या खात होती. त्यांना बिचाऱ्यांना शेतातल्या कामाने तशीच झोप येत असेल.

तपासणीला साहेब यायचे. भिंतीवरचे प्रमाणपत्र बघायचे, फ्रिज उघडून बंद करायचे, रजिस्टराच्या शेवटच्या पानावर सही करायचे. मग ठरलेला प्रश्न. “मॉर्फिन, पेथिडिन वगैरे ठेवता का?”

“नाही साहेब.”

“छान. ठेवूच नका. कशाला डोक्याला ताप?”

जो माल लोक नशेसाठी नेत होते तो फळीवर रांगेत, आणि जो मरणाऱ्या माणसाच्या वेदनेसाठी बनवला आहे तो ठेवला नाही म्हणून शाबासकी. आम्ही दोघेही गंभीर चेहऱ्याने चहा प्यायचो.

करोनाच्या आधीची गोष्ट. सकाळी अकराच्या सुमारास एक बाई दुकानात आल्या. चाळिशीच्या, स्कूटीची किल्ली हातात. माहेर फैजपूरचे, जळगावात दिलेली. वडिलांना तोंडाचा कॅन्सर. मुंबईला उपचार झाले, आता आणखी काही करण्यासारखे नाही म्हणून घरी पाठवलेले. सोबत दिलेल्या गोळ्या संपत आल्या होत्या.

“नाना, ही गोळी पाहिजे होती.”

मी चिठ्ठी हातात घेतली. रोग्याचे पूर्ण नाव, पत्ता, औषध, मात्रा, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का. इतकी स्वच्छ चिठ्ठी मी क्वचितच पाहिली असेल. आणि नेमकी हीच एक चिठ्ठी मी परत केली.

“हे मॉर्फिन आहे ताई. हे मिळत नाही.”

आमच्या संघटनेचे अध्यक्ष तेव्हा माझ्या काउंटरजवळ खुर्ची टाकून बसले होते. त्यांना माणसे जमली की विनोद सुचतो. म्हणाले, “ताई, ही गोळी ठेवली तर नाना आत जातील. डबा घेऊन याल का भेटायला?”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मलाच म्हणाल्या, “आणीन की. भाजी-भाकरी, लोणचं, सगळं आणीन. गोळी द्या.”

अध्यक्ष गप्प झाले. मी मात्र सुरू झालो. अमली पदार्थांचा कायदा, त्यातली शिक्षा, परवानग्या, तरुण पिढीची नशा, समाजाची जबाबदारी. त्या उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारले, “मग मी धुळ्याला जाऊन पाहू का? माझी नणंद राहते तिथं. ती म्हणे, इकडे ये, एका दवाखान्यात विचारू.”

मला धुळ्याचे काहीही माहीत नव्हते. कधी चौकशी केली नव्हती. मॉर्फिनचा विषय निघाला की आम्ही कानांवर हात ठेवणारे लोक. पण ‘मला माहीत नाही’ हे शब्द अध्यक्षांच्या देखत, इतक्या मोठ्या व्याख्यानानंतर, माझ्या तोंडातून निघेनात.

“कशाला पेट्रोल जाळता?” मी म्हणालो. “या धंद्यात केस पिकले माझे. अख्ख्या खान्देशात ही गोळी कुठेच मिळत नाही.”

“नक्की ना, नाना?”

“अहो, मिळत असती तर मीच नसती का आणून दिली?”

त्यांनी मान हलवली आणि चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग मी मोठ्या मनाने त्यांना दुसऱ्या, सौम्य वेदनाशामकाची एक स्ट्रिप दिली. लाल चौकटीवाली. तिच्यासाठी चिठ्ठी नव्हती. कायद्यावर एवढे बोलून मी ही दुसरी गोळी चिठ्ठीशिवाय दिली, आणि रविवारी लग्नपत्रिकेतल्या कुणा मामांच्या नावावर चढवली.

त्यानंतर त्या ती स्ट्रिप न्यायला काही वेळा आल्या. मी विचारायचो, “बाबा कसे आहेत?”

“बागेत जाऊन बसतात,” एकदा म्हणाल्या. “घरात नातवंडं आहेत ना. आवाज ऐकून पोरं घाबरतात. म्हणून केळीत जातात, पार मधोमध. आम्ही शोधत फिरतो.”

मी म्हणालो, “धीर धरा.” याहून स्वस्त वस्तू माझ्या दुकानात नव्हती.

मग त्या यायच्या बंद झाल्या. दुकानदाराला अशा वेळी वेगळे कोणी सांगावे लागत नाही.

पुढे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी धुळ्याला एका प्रशिक्षणवर्गाला बसावे लागले. अध्यक्ष माझ्या शेजारीच होते. आमची सगळी वरात जेवणाच्या पाकिटावर डोळा ठेवून बसलेली. एक तरुण डॉक्टरीणबाई बोलायला उभ्या राहिल्या. शेवटच्या आजारातल्या वेदनेवर बोलत होत्या. म्हणाल्या, मॉर्फिनचा कायदा कधीचाच सोपा झाला आहे. मान्यता घेतलेल्या दवाखान्याला ते ठेवता येते, रोग्याचे कागद दाखवून नातेवाइकाला नेता येते, आणि आम्ही इथे धुळ्यात ते देतो.

मी मागच्या रांगेतून विचारले, “कधीपासून?”

त्यांनी सांगितले. बाई माझ्या दुकानात आल्या त्याच्या आधीपासून.

अध्यक्षांनी मला कोपराने ढोसले. “नाना, बसा खाली. आपल्याला काय करायचंय त्यात? बाईंना सांगू द्या, आपण ऐकू, सर्टिफिकेट घेऊ, घरी जाऊ.” आणि त्यांनी खरोखर तसेच केले. इतक्या वर्षांत त्यांचा मला राग आला नव्हता. त्या दिवशी आला, आणि ज्या माणसाचा मला राग यायला हवा तो तर मीच होतो.

घरी बायकोला सांगितले. ती धुळ्याकडची, रागावली की अहिराणीवर येते. “तुमले माहीत नव्हतं तं तसं सांगानं व्हतं,” ती म्हणाली. “तोंड दुखनं व्हतं का?” ज्याचे तोंड दुखत होते तो माणूस त्या वेळी फैजपूरला केळीत बसला होता.

तरीही मी काही केले नाही. दुकान आता मुलगा पाहतो. मॉर्फिनच्या परवानगीचे त्याच्यापाशी काढले, तर तो म्हणाला, “आबा, कटकट नको. आपलं नाव स्वच्छ आहे.” हे वाक्य मीच त्याला शिकवले आहे. मग सत्कार आला. मी शाल घेतली, नारळ घेतला, टाळ्याही घेतल्या. आठवडाभराने मात्र ती स्मरणिका समोर दिसली की जेवण जाईना, तेव्हा फैजपूरची बस धरली.

गावात घर सापडायला वेळ लागला नाही. केळीची गाडी भरत होती आणि ती बाई, त्या रोग्याची मुलगी, घडांवर नजर ठेवून उभी होती. वडील गेल्यापासून शेताचे तीच बघते. मला पाहून तिने ओळखले. आम्ही गोठ्याच्या बाजूला गेलो आणि मी सगळे सांगितले. धुळ्याला गोळी होती. मला माहीत नव्हते. माहीत नाही म्हणायची मला लाज वाटली.

ती म्हणाली, “नणंदेचा दोनदा फोन आला होता. ये म्हणे, विचारून तर पाहू. मी तिला म्हणाले, जळगावचे नाना सांगतात, कुठंच नाही. तेवढे मोठे माणूस खोटं कशाला सांगतील?”

“माझं चुकलं, ताई.”

“आता ठेवता का दुकानात?”

“मुलगा नाही म्हणतो.”

“आणि तुम्ही?”

मी खाली पाहिले.

“मग काय सांगायला आलात इतक्या लांब? तुमचं मन हलकं करायला? आमच्या दारात?” तिचा आवाज चढला नाही. गाडीवाल्याने हाक मारली, तिने त्याला हाताने थांबवले. “एक ऐका नाना. आत आई आहे. तिच्याजवळ यातलं एक अक्षर बोलायचं नाही. तिला वाटतं, ती गोळी कुठं मिळतच नव्हती. आपण सगळं केलं, असं वाटतं तिला. तेवढं राहू द्या तिच्याकडं.”

म्हणून या लिखाणात कोणाचे नाव नाही. माझेही नाही, कारण माझ्या नावावरून ते घर सापडेल.

मी निघणार होतो, पण तिच्या म्हाताऱ्या आई दारात आल्या होत्या. जळगावच्या पाहुण्याला चहा न घेता जाऊ देईनात. ओसरीवर बसवले, कपबशी स्वतः हातात दिली, आणि माझ्यासमोर जमिनीवर बसल्या.

“पोरगी सांगत व्हती,” त्या भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे हात करून म्हणाल्या, “तुम्ही लय शोधली म्हने ती गोयी यायच्यासाठी.”

मुलगी खांबाला टेकून माझ्याकडे पाहत होती.

“हो अक्का,” मी म्हणालो. “कुठेच नव्हती.”